मागच्या काचेवरचा समुद्र

वैशाख लागला की आमच्या माळ्यावरून एक काचेची टाकी खाली उतरते. उतरवतो मी, सूचना मंगल देते. मंगल म्हणजे माझी बायको. स्टुलावर मी, हातात टाकी, आणि खालून आवाज येत असतो : जरा डावीकडे, तुमची डावी नव्हे, माझी. टाकी एकदाची जमिनीला टेकली की तिच्यात भाताचा पेंढा, पेंढ्यावर आंबे, आंब्यांवर पुन्हा पेंढा आणि सगळ्यावर जुनं गोणपाट. लोक आढी पलंगाखाली लावतात, खोलीच्या कोपऱ्यात लावतात. आमची काचेत असते. त्यामुळे कुठला आंबा पिवळा व्हायला लागला हे बाहेरून दिसतं, आणि मी दिवसातून किती वेळा वाकून पाहतो हे मंगलला दिसतं.

या टाकीच्या मागच्या काचेवर एक पांढरट पट्टा आहे. कुठे बोटाएवढा रुंद, कुठे तळहाताएवढा, कडा नागमोडी. हात फिरवला तर खरखरीत लागतो. पाहुणे विचारतात, "क्षार बसलेत का हो?" मी हो म्हणतो. बोअरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या आमच्या बिबवेवाडीत या उत्तरानं सगळ्यांचं समाधान होतं. आणि ते खोटंही नाही. आहे तो चुनाच. फक्त एके काळी तो गुलाबी होता, आणि तो बसला नव्हता, वाढला होता.

पेंढ्याचा आणि कच्च्या आंब्याचा तो मिसळलेला वास आला की मला आंबे आठवतच नाहीत. खारं पाणी आठवतं. समोरच्या फ्लॅटचा हॉल, ओढून घेतलेले पडदे, वाळ्याच्या कूलरची घरघर आणि त्या घरघरीच्या खाली, कान देऊन ऐकलं तरच कळणारा, एका लहानशा पंपाचा आवाज. तो उन्हाळा आठवतो.

तेव्हा आमच्या समोर तांबोळीसाहेब राहायचे. एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, उंच, शिडशिडीत, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांच्या वडिलांचं शनिवार पेठेत पानाचं दुकान होतं, आजोबांचंही तेच. साहेबांनी मात्र आयुष्यात कधी पान खाल्लं नाही. त्यांच्या पत्नी खैरुन्निसा, आम्हा सगळ्यांच्या खैरूभाभी, दापोलीच्या पलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातून लग्न होऊन पुण्यात आल्या, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. तरी पुण्याच्या हवेला त्या 'सुकी हवा' म्हणायच्या. सुकी मासळी नाकारावी त्या सुरात.

त्या वर्षी फाल्गुनात भाभी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवलंय, पण हाडंच ठिसूळ झाली आहेत, वेळ लागेल. भाभींचा पलंग हवा येते म्हणून हॉलमध्ये आला. पलंगासमोर टीव्ही होता. आठवड्याभरात त्यांनी तो बंद करायला लावला. म्हणाल्या, ही माणसं सारखी ओरडतात, आणि मला उठून जाता येत नाही.

मग त्या टीव्हीच्या जागी साहेबांनी समुद्र आणला.

आणला हे अक्षरशः. आधी ही काचेची टाकी आली. भाभींचे भाऊ अजून गावी होते, त्यांची आंब्याची कलमं होती. साहेब जीप करून गेले आणि कॅन भरभरून समुद्राचं पाणी घेऊन आले. एका बादलीत ओल्या गोणपाटाखाली आणखी ऐवज होता. शंख पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गोगलगायी, दुसऱ्याच्या शंखात घुसून बसलेले दोन खेकडे, बोटाएवढा एक मातकट मासा जो पहिल्या दिवसापासून आमच्यावर रागावलेला होता, आणि नारळाएवढा एक दगड. दगडावर गुलाबी थर होता. ओल्या अंगणात रांगोळी सांडून ती तिथेच घट्ट व्हावी तसा.

दगड टाकीत ठेवला तेव्हा मी तिथे होतो. भाभी मान उचलून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आमच्या खडपातला." खडप म्हणजे त्यांच्या गावचा खडकाळ किनारा. ओहोटीला तिथे खळग्यांमधून पाणी साठतं आणि त्या खळग्यांना आतून असं गुलाबी अस्तर असतं. लहानपणी पोरी त्यात पाय सोडून बसायच्या. हे सांगताना त्यांचे पाय चादरीखाली जरा हलले. ऑपरेशन झालेला पायसुद्धा. साहेबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

आता माझं सांगायचं, तर मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. म्हणजे धरणं मोजणाऱ्या माणसांच्या रजा मोजल्या. परंतु पस्तीस वर्षं त्या इमारतीत बसल्यामुळे पाणी या विषयावर आपलं मत असलं पाहिजे असं मला वाटे, आणि साहेबांना माझ्या मताचा आदर होता. एवढ्या एका आदरापायी त्या टाकीवर जे जे संकट आलं, त्यातलं बरंचसं माझ्या हातून आलं.

पहिलं संकट उन्हाचं. पुण्याचं ऊन कोरडं. दुपारी माठातलं पाणी जसं खाली जायचं तसंच टाकीतलं. मी सल्ला दिला : समुद्राचं पाणी उडालंय, तर समुद्राचंच भरावं. किती सरळ. साहेबांनी कॅनमधलं भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडालं, पुन्हा भरलं. थोड्याच दिवसांत मातकट मासा कोपऱ्यात जाऊन बसला, गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडू लागल्या. मग साहेबांच्या ध्यानात आलं की उडतं ते पाणी. मीठ जागेवरच राहतं. आम्ही त्या बिचाऱ्यांचं रोज लोणचं घालत होतो.

"पाटबंधाऱ्यात हे शिकवत नाहीत?" भाभींनी पलंगावरून विचारलं.

मी म्हणालो, आमची धरणं गोडी आहेत.

दुसरं संकट लगेच त्यामागून आलं. खारट झालेलं काही पाणी काढून टाकायचं ठरलं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून मी दोन बादल्या सोसायटीच्या जास्वंदीला घातल्या. जास्वंद चारच दिवसांत गेली. खालच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात सूचना लागली : 'झाडांना समुद्र घालू नये. ती गोड्या पाण्यावर जगतात. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांनी मंगलताईंना विचारावे.' माझं नाव कुठेच नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

साहेब मात्र चुकांनी शहाणे होत गेले. मुंबईत असा खाऱ्या पाण्याचा छंद असलेले एक गृहस्थ त्यांनी शोधले आणि त्यांच्याकडून परदेशी मासिकांच्या झेरॉक्स मागवल्या. त्यातून कळलं की तो गुलाबी थर म्हणजे रंग नव्हे. ती वनस्पती आहे, जिवंत. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम उचलून ती स्वतःभोवती दगडासारखं घर बांधते. गोगलगायीसुद्धा शंख त्यातूनच वाढवतात. समुद्रात हे कोणी मोजत नाही. तिथे कोणाला काय कमी आहे? पण हॉलमध्ये आणून ठेवलेल्या सात-आठ घागरींच्या समुद्रात मोजावं लागतं. घेणारे घेत राहतात आणि मागून भर घालणारी लाट तिथे नसते.

भाभींचा भाचा दुबईला होता. त्यानं तपासणीची पेटी पाठवली. एका इवल्या बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडत जायचा. एक थेंब असा येतो की गुलाबी जातं आणि सगळं पाणी निळं होतं. तोवर किती थेंब पडले त्यावरून कॅल्शियम किती ते काढायचं. समुद्रात ते लिटरमागे साधारण चारशे वीस मिलिग्रॅम असतं, असं त्या झेरॉक्समध्ये होतं. हा आकडा वाचून आम्ही तिघं बराच वेळ हसलो. सगळ्या देशात जो आकडा नावापुढे लागला की माणूस तोंड लपवतो, तो या समुद्रात निरोगीपणाचा दाखला होता.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते मोजणं चालायचं. साहेब बाटली उजेडात धरायचे आणि मनात मोजायचे. भाभी बोटांच्या पेरांवर मोजायच्या. पाणी निळं झालं की भाभी विचारायच्या, "आकडा काय?" साहेब सांगायचे. पुष्कळदा भाभींचा आकडा एका थेंबानं कमी असायचा. "शेवटचा तुम्ही उगाच टाकलात. आधीच निळं झालं होतं." साहेब म्हणायचे, नव्हतं झालं. चाळीस वर्षांच्या संसारात कशावरून वाद घालायचा हे त्या दोघांना नव्यानं सापडलं होतं. आणि ते मोजून झालं की भाभी म्हणायच्या, "गोगलगायींचं कॅल्शियम झालं असेल तर माझीही गोळी द्या." ती गोळी साहेब पाच दिवसांतून एकदा तरी विसरायचे.

चैत्र सरता सरता आकडा उतरू लागला. चारशेच्या खाली, मग आणखी खाली. दगडाच्या एका बाजूला गुलाबी फिकट झालं, मग पांढरं. आजाऱ्याच्या नखांवर येतो तसला पांढरेपणा. भाभींनाही तेव्हा ताप येऊन गेला होता. छातीत कफ राहिला होता, उठवून बसवलं तरी त्या लगेच थकायच्या. डॉक्टर म्हणाले होते, बसता येऊ लागलं की गाडीतून गावी न्या, हरकत नाही. पण बसताच येईना. साहेबांनी भावांना कळवलं होतं की पावसाच्या आधी येतो.

एका सकाळी मोजणी झाल्यावर साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. एरवी ते खुर्चीतूनच हात करायचे. दार अर्धवट ओढून घेत म्हणाले, "हे टिकलं पाहिजे, भिलारे. तिला तिकडे नेता येईल असं मला वाटत नाही. आणि इथे तिला दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

मी मान हलवली.

उपायही झेरॉक्समध्येच होता. कसलासा जर्मन शब्द होता, साहेब तो मोठ्या आदरानं उच्चारायचे. एक पांढरी पूड पाण्यात कालवायची, खाली बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी, उडालेल्या पाण्याच्या जागी, थेंबाथेंबानं टाकीत सोडायचं. कॅल्शियमही मिळतं आणि पाण्याची भरही होते. पूड परदेशातून मागवावी लागेल, भाच्याला लिहितो, असं साहेब म्हणत होते. भाभी डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "अहो, ती चुन्याची निवळी आहे."

साहेबांनी हातातली झेरॉक्स खाली ठेवली.

"खायच्या चुन्याची. दात येणाऱ्या पोरांना दुधातून चमचाभर द्यायचे. आमच्याकडे द्यायचे, तुमच्या अम्मी द्यायच्या, भिलारेभाऊंच्या घरी दिली असेल. चुना भिजवायचा, हात लावायचा नाही, वरचं घ्यायचं. सासरे आयुष्यभर गल्ल्याशेजारी चुन्याचा डबा घेऊन बसले, आणि तुम्ही जर्मनीहून मागवताय."

मी घरी जाऊन मंगलला विचारलं. तिनंही त्याच क्षणी सांगितलं, निवळी म्हणजे ढवळायची नाही. थोरल्याला मी दिली होती, तुम्ही ऑफिसात होता.

चुना आला. बरणीत रात्रभर बसला, सकाळी वर आरशासारखं पाणी. ते सलाइनच्या बाटलीत भरलं, औषधाच्या दुकानातून नवी नळी आणली, बाटली पडद्याच्या दांडीला टांगली आणि नळीचं चाक फिरवून थेंब बारीक केला. दोन दिवसांनी भाभींनाही सलाइन लावावं लागलं. मग त्या हॉलमध्ये दोन बाटल्या समोरासमोर टांगलेल्या असायच्या. एकीचा थेंब पलंगाकडे, एकीचा समुद्राकडे. दुपारी वीज जायची, कूलर थांबायचा, पंप थांबायचा, आणि त्या शांततेत फक्त ते दोन थेंब चालू असायचे. साहेब दोन्हींच्या मधे खुर्ची टाकून बसायचे आणि पुठ्ठ्यानं भाभींना वारा घालायचे. पंप बंद असला की मधूनच उठून टाकीतलं पाणी वाटीनं वर घेऊन खाली सोडायचे, मासा गुदमरू नये म्हणून. आमच्याकडे जेवायला या म्हटलं तर, "वीज आली की येतो," म्हणायचे.

त्या दुपारी मी पुष्कळदा जाऊन बसलो आहे. बोलणं फारसं व्हायचं नाही. रस्त्यावरून कलिंगडवाल्याची आरोळी यायची आणि लांब जायची. भाभी टाकीकडे बघत असायच्या. जे पाण्यात विरघळलेलं असतं ते दिसत नाही, आणि ते आहे की नाही हे कळायला रोज मोजावं लागतं, ही गोष्ट मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितली नव्हती.

आकडा थांबला. उतरायचा थांबला, पण चढेना. साहेबांनी ठरवलं, एकदा गावी जाऊन ताजं पाणी आणावं. एका दिवसात जाऊन यायचं. भाभींजवळ त्यांची बहीण होती, मंगल येऊन जाऊन असणार होती, आणि टाकीजवळ मी. जाताना साहेबांनी मला एवढंच सांगितलं की काहीही वेगळं करू नका.

मी वेगळं काही केलं नाही. मी तेच केलं, जरा जास्त केलं. दुपारी बाटली संपली. बरणीतलं वरचं पाणी बघितलं तर अगदीच पाण्यासारखं. खाली एवढा चुना बसलेला आणि आपण वरचं नुसतं पाणी घालतोय, म्हणूनच आकडा चढत नाही, असं माझ्यातल्या पाटबंधाऱ्यानं ठरवलं. मी बरणी चांगली ढवळली. आणि नळीबिळीच्या भानगडीत न पडता मोठा मग भरून टाकीत ओतला.

टाकीचा मठ्ठा झाला. मासा दिसेना, दगड दिसेना, मागची भिंत दिसेना. मग मला आठवलं की त्या झेरॉक्समध्ये सोड्याचाही काही उल्लेख होता. मंगलच्या डब्यातून खाण्याचा सोडा आणला आणि चमचाभर टाकला. आता त्या मठ्ठ्यात बर्फ पडू लागला. पांढरे कण वरून खाली, सावकाश, सगळीकडे.

"भिलारेभाऊ," भाभी म्हणाल्या, "आता हात लावू नका."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी रिकामा मग हातात घेऊन तसाच उभा होतो.

"बसा. बसू द्या त्याला. चुना आहे, बसेल."

मी बसलो. हळूहळू पाणी निवळलं. तळाशी, दगडावर, गोगलगायींच्या पाठीवर पांढरी साय आली होती. मी मोजून पाहिलं. एरवीपेक्षा चार-पाच थेंब आधीच पाणी निळं झालं. इतका चुना ओतूनही आकडा होता त्याच्या खाली गेला होता. पाण्यात जे होतं तेही सोड्यानं धरून खाली बसवलं होतं. आता ते डोळ्यांना ढिगानं दिसत होतं आणि कुणाच्या कामाचं राहिलं नव्हतं.

साहेब संध्याकाळी आले. कॅन वर चढवायला मी खाली गेलो, पण जिन्यात फक्त रस्ता कसा होता ते विचारलं. हॉलमध्ये येऊन त्यांनी टाकी पाहिली. माझ्याकडे वळणार एवढ्यात पलंगावरून आवाज आला, "मीच सांगितलं त्यांना. ढवळून ओता म्हटलं. मला घाई झाली होती."

साहेबांनी भाभींकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या बाहीवर उडालेल्या चुन्याकडे. "बरं," म्हणाले. खुर्चीवर बसले, चपला काढल्या आणि बाह्या दुमडल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी नळी तोंडानं ओढून ओढून तळाचा चुना काढला आणि समुद्र बदलला. समुद्राची चव मी पुण्यात, बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर घेतली आहे. दोन गोगलगायी गेल्या. दगड धुतला तेव्हा एका कडेला, खालच्या बाजूला, बोटभर गुलाबी शिल्लक होतं.

ताजं पाणी आल्यावर आकडा आपोआप जागेवर आला. निवळी पुन्हा थेंबाथेंबानं सुरू झाली. बरणीला मला कोणी हात लावू दिला नाही आणि मीही लावायला गेलो नाही. भाभींचा मात्र आकडा चढेना. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. सकाळची मोजणी चालू होती. बोटांच्या पेरांवर मोजता मोजता त्यांचा मधेच डोळा लागायचा. तेव्हा साहेब थांबायचे. पुढचा थेंब टाकायचे नाहीत. बाटली तशीच उजेडात धरून उभे राहायचे, त्या जाग्या होईपर्यंत.

वैशाखाच्या शेवटाला, एका सकाळी, साहेब दाढीच्या ब्लेडनं टाकीच्या काचा खरवडत होते. पुढची काच ते रोजच साफ करत, भाभींना स्वच्छ दिसावं म्हणून. त्या दिवशी मागची काचही घ्यायला गेले.

"राहू द्या ते," भाभी म्हणाल्या.

काय राहू द्या, आम्हाला कळेना. काचेवर काही नव्हतं.

"डाव्या अंगाला. खाली. बघा तरी."

साहेबांनी चष्मा काढून काचेला नाक लावलं. मीही वाकलो. मसुरीच्या डाळीएवढा एक ठिपका होता. गुलाबी. दगडावर नव्हे, काचेवर. त्या बोटभर शिल्लक राहिलेल्यातून काही सुटून तिथपर्यंत पोहोचलं होतं आणि कोऱ्या काचेवर त्यानं घर बांधायला घेतलं होतं. आम्ही दोघं रोज त्या टाकीला नाकं लावून बसत होतो, आणि दिसला तो पलंगावरून.

"कधीपासून आहे?" साहेबांनी विचारलं.

"चार दिवस झाले. म्हटलं, तुम्हाला दिसतो का बघू."

साहेबांनी ब्लेड खाली ठेवलं. मागची काच त्यानंतर कुणी खरवडली नाही.

भाभी मृगाच्या आधी गेल्या. सकाळी गेल्या. मी तिथे पोहोचलो तेव्हा हॉल माणसांनी भरला होता, आणि टाकीवर कुणीतरी चादर टाकली होती. दुपारी कब्रस्तानातून परत आलो. साहेबांचे नातेवाईक पाणी पीत बसले होते. साहेब उठले, चादर काढली, दांडीवरची बाटली बघितली. रिकामी होती. त्यांनी बरणी आणली, वरचं नितळ पाणी सावकाश बाटलीत उतरवलं. हात हलू दिला नाही. नळीचं चाक फिरवलं. पहिला थेंब पडला तसे ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आज मोजायचं राहिलं."

मी बाटली उजेडात धरली. त्यांनी थेंब टाकले. पेरांवर मोजणारं कुणी नव्हतं, तेव्हा मी मोजले. पाणी निळं झाल्यावर आमच्यात वाद झाला नाही.

तो सबंध पावसाळा टाकी चालू राहिली. ठिपक्याचे दोन झाले, मग बरेच झाले, मग एकमेकांना मिळून त्यांचा पट्टा झाला. दिवाळीनंतर वारज्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं साहेबांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तिथे जागा लहान होती. मग दगड, गोगलगायी, खेकडे आणि अखेरपर्यंत रागावलेला तो मासा हे सगळं बादलीत घालून आम्ही दोघं गावी गेलो. ओहोटी होती. भाभींच्या भावानं खडपातला एक खळगा दाखवला. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दगड त्या खळग्यात टेकवला आणि बराच वेळ त्यात पाय सोडून बसले. मी बादली घेऊन उभा राहिलो. जातायेता मी कुठलाही सल्ला दिला नाही.

टाकी त्यांनी मला दिली. पाणी गेल्यावर काचेवरचं गुलाबी आठवडाभरात पांढरं झालं. मी एकदा मंगलला म्हणालो होतो की हा चुना आहे, व्हिनेगर लावलं तर फसफसून निघून जाईल, काच नव्यासारखी होईल. ती हो म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

यंदाही आंब्यांची पेटी आली. भाभींच्या भावाकडून वारज्याला येते आणि तिथून साहेब आमच्याकडे आणतात. आता रिक्षातून उतरायला त्यांना हात द्यावा लागतो. शर्ट अजून इस्त्रीचा असतो. मंगलनं टाकी पुसायला घेतली होती. वर्षभराच्या धुळीनं काचा चिकट झाल्या होत्या, म्हणून तिनं वाटीत व्हिनेगर घेतलं होतं. साहेब खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि टाकीकडे बघत म्हणाले, "आकडा काय, भिलारे?"

"चारशे वीस," मी म्हणालो.

"मग ठीक."

मंगलनं पुढची काच व्हिनेगरनं पुसली, डावी पुसली, उजवी पुसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली, फडकं नळाखाली धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. परत आली ती साधं पाणी घेऊन. मागच्या काचेवरून तिनं ते फडकं पट्ट्याच्या कडेकडेनं फिरवलं. मग पेंढा पसरला आणि आंबे एकेक करून आत ठेवले.